मानेत मज्जारज्जू दबलाय : दुर्बिणीचं ऑपरेशन की नेहमीचं?

ओवी_क · सोमवार, रात्री १०:४०

थोडं सविस्तर लिहितेय, कारण दोन डॉक्टरांनी दोन वेगळे मार्ग सांगितलेत आणि घरात कुणालाच झोप नाहीये.

बाबा ६३ वर्षांचे आहेत. वर्षभरापूर्वी एकदा सहज म्हणाले होते की शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. आम्ही वयाचं म्हणून सोडून दिलं. मग सही बदलायला लागली. त्यांची सही म्हणजे एका झटक्यात ओढलेली रेघ आणि खाली दोन टिंबं. आता ती एकेक अक्षर जुळवून काढल्यासारखी दिसते. पुढे बोटांना मुंग्या यायला लागल्या. एका डॉक्टरांनी मनगटात नस दबल्याचं निदान केलं आणि मनगटाचं छोटं ऑपरेशनही झालं. मुंग्या जराशा कमी झाल्या, पण बटणं तशीच.

गेल्या दोन महिन्यांत ते पाय फाकवून चालायला लागलेत. जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. परवा उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि ते चार पावलं तसेच पुढे गेले. त्यांना कळलंच नाही. मी मागून येत होते. पोटात गोळा आला.

मानेचा एमआरआय झाला. सी-५ आणि सी-६ या मणक्यांच्या मध्ये मज्जारज्जू दबलाय. मागून पिवळी लिगामेंट, म्हणजे मणके एकमेकांना बांधून ठेवणारी पट्टी, जाड झाली आहे, पुढून गादीचा थोडासा फुगवटा आहे आणि रज्जूच्या आत एक पांढरा ठिपका दिसतोय. रिपोर्टवर सर्व्हायकल मायलोपॅथी, म्हणजे मानेत रज्जू दबून होणारा आजार, असं लिहिलंय.

पहिले न्यूरोसर्जन म्हणाले, नेहमीच्या पद्धतीने उघडून करू. दुसरे म्हणाले, एकच पातळी आहे, दुर्बिणीतून दोन छोट्या छिद्रांतून होईल. बाबा पहिल्यापासून ऑपरेशनला तयार नव्हते, दुर्बीण म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. मला त्याचीच धास्ती वाटते. छिद्र लहान आहे म्हणून त्यांनी होकार दिला, पण आतलं काम तेवढंच नीट होतं का? आणि थोडं थांबून औषधं-व्यायाम करून पाहिलं तर चालेल का? ज्यांनी यातलं काही अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा.

---

काठावरून · सोमवार, रात्री ११:१५

ओवीताई, मनगटाचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या आत्याचंही अगदी असंच झालं. आधी मनगट, मग गुडघा, मग "वयाचा तोल". मान तपासायला दीड वर्ष गेलं, कारण मान दुखतच नव्हती. बाबांची दुखते का?

ओवी_क · सोमवार, रात्री ११:२२

नाही, अजिबात नाही. म्हणूनच कुणाचं मानेकडे लक्ष गेलं नाही.

---

मेरुदंड · मंगळवार, सकाळी ६:५०

मी न्यूरोसर्जन आहे. दुर्बिणीची आणि उघडी, दोन्ही ऑपरेशनं करतो. फिल्म्स न बघता तुमच्या वडिलांबद्दल निर्णय सांगणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. थांबू नका. मज्जारज्जूवरचा दाब औषधाने जात नाही. गोळ्या वेदना आणि मुंग्या कमी करतात, जागा मोकळी करत नाहीत. रिलुझोल नावाच्या औषधाची ऑपरेशनच्या जोडीने मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२१ साली आले, आणि सहा महिन्यांनंतरच्या कार्यक्षमतेत त्याने फरक पडला नाही. हा आजार बहुतेकदा पायऱ्या उतरतो. काही महिने आहे तिथे राहतो, मग अचानक एक पायरी खाली. गेलेली पायरी परत मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तीव्रता मोजायला १८ गुणांची एक मोजपट्टी वापरतात. हात, पाय, संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांचे गुण मिळून १८ म्हणजे निरोगी. १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे तीव्र. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मध्यम आणि तीव्र गटाला ऑपरेशनच सुचवतात. सौम्य गटात ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही चालतं, पण लक्षणं वाढली तर ऑपरेशन. बटणं, बदललेली सही, जिन्यावर कठडा आणि न कळता सुटलेली चप्पल, एवढं असताना वडील सौम्य गटात बसतील असं मला वाटत नाही.

आता दुर्बिणीबद्दल. इथे एक मोठा गैरसमज आधी काढतो. पुष्कळांच्या ओळखीत कुणाचं तरी कमरेचं ऑपरेशन दुर्बिणीने झालेलं असतं आणि ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी घरी आलेली असते. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो, आणि तो हलक्या हाताने थोडा बाजूला सारता येतो. मानेत अख्खा रज्जू असतो. त्याला बाजूला सारायचं नसतं, त्याला टेकायचंही नसतं. म्हणून कमरेचा अनुभव मानेला लावू नका.

रज्जू मणक्यांमधल्या ज्या पोकळीतून जातो त्या कालव्याची मानेतली, पुढून मागे मोजलेली रुंदी साधारण १७ मिलिमीटर असते. १३च्या खाली गेली की कालवा अरुंद म्हणतात. आणि रज्जू स्वतः असतो ८ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आम्ही सगळी धडपड करतो ती काही मिलिमीटरसाठी.

मागून दुर्बिणीने करताना होतं असं. त्वचेला सुमारे ८ ते १० मिलिमीटरचा छेद. एकाच नळीतून कॅमेरा आणि हत्यार जातं ती एक पद्धत. दोन छेद घेऊन एकातून कॅमेरा आणि दुसऱ्यातून हत्यार ही दुसरी, तिला बायपोर्टल म्हणतात. स्नायू कापून हाडावरून सोलून काढायचे नसतात, त्यांच्या तंतूंमधून वाट करायची असते. आत सतत सलाइनचं पाणी वाहतं, त्यामुळे रक्त धुतलं जातं आणि दृश्य स्वच्छ राहतं. मणक्याची मागची पट्टी, म्हणजे लॅमिना, हिऱ्याच्या कणांच्या बर्रने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या बारीक हत्याराने, घासत घासत अंड्याच्या कवचासारखी पातळ करायची. एका बाजूने शिरून हत्यार तिरकं करून पलीकडच्या बाजूचं हाडही आतून घासता येतं. या सगळ्या वेळात पिवळी लिगामेंट मुद्दाम जागेवर ठेवतात, कारण तीच रज्जूवरची ढाल असते. हाडाचं काम पूर्ण झालं की शेवटी ती सुटी करून काढायची. ती निघाली की रज्जूचं दबलेलं आवरण वर येतं आणि त्याचे ठोके स्क्रीनवर दिसायला लागतात. त्या क्षणाची आम्ही वाट बघत असतो.

धोका कुठे आहे तेही सांगतो. पहिला धोका पाण्याचा. बाहेर जायला वाट कमी पडली तर आतला दाब वाढतो आणि तो थेट रज्जूवर येतो. सलाइनची पिशवी छेदापासून ४० सेंटिमीटर उंच टांगली की सुमारे ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब होतो. त्यापुढे जाऊ नये म्हणून पिशवीची उंची आणि पाणी बाहेर येण्याची वाट, दोन्हीकडे सतत डोळा ठेवावा लागतो. दुसरा धोका आवरण फाटण्याचा. इतक्या छोट्या वाटेतून ते शिवणं अवघड जातं. तिसरा, रक्ताची गाठ. छोट्या पोकळीत थोडंसं रक्त साचलं तरी रज्जू परत दबतो.

आणि दुर्बीण कुणाला नको, तर जिथे मान पुढच्या बाजूला वाकलेली आहे, मणका घसरतोय, तीन-चार पातळ्या दबल्यात, मणक्यांच्या मागच्या कडेची, म्हणजे रज्जूच्या पुढची, लांब लिगामेंट हाड बनून पुढून रज्जूवर चढली आहे, किंवा मुख्य दाब पुढून मधोमध आहे. शेवटच्या प्रकारात मागून कितीही सुरेख काम केलं तरी पुढची गादी रज्जूला ओलांडून काढता येत नाही. तिथे पुढूनच जायला हवं.

तुमच्या वर्णनात दाब मुख्यतः मागून आणि एकाच पातळीवर आहे. खरोखर तसं असेल तर दुसऱ्या सर्जनचं म्हणणं अवास्तव नाही. मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे झालेत का? आणि बी-१२? त्याच्या कमतरतेनेही तोल जातो आणि मुंग्या येतात. दोन्ही एकत्र असलेले रुग्ण मी पाहिलेत.

---

शब्दवेल · मंगळवार, सकाळी ८:०५

डॉक्टर, मनापासून आभार. कमरेत आणि मानेत हा फरक असतो हे आज पहिल्यांदा कळलं.

---

संदर्भवेडा · मंगळवार, सकाळी ९:३०

मेरुदंड, या पद्धतीचा पुरावा किती भक्कम आहे? जाहिरातींत "तेवढाच परिणाम, त्रास मात्र कमी" असं सरसकट म्हणतात. ते खरं आहे का?

मेरुदंड · मंगळवार, दुपारी २:१०

नस आणि रज्जू वेगळे ठेवले की उत्तर सोपं होतं.

मानेतून हातात जाणारी एकच नस दबलेली असेल आणि हातात कळ येत असेल, तर दुर्बिणीला चांगला आधार आहे. जर्मनीत रुएटन आणि सहकाऱ्यांनी १७५ रुग्णांवर चाचणी केली, २००८ साली प्रसिद्ध झाली. मागून दुर्बिणीने नस मोकळी करणं आणि पुढून गादी काढून मणके जोडणं यांची तुलना होती. दोन वर्षांनंतर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसला.

रज्जूचा दाब ही त्याच्या पुढची पायरी आहे. तिथे जे प्रसिद्ध झालंय ते बहुतेक एकेका केंद्राच्या, एकेका अनुभवी सर्जनच्या रुग्णमालिकांतून आलंय. त्यांत रक्तस्राव कमी, मुक्काम कमी, मानेचं दुखणं कमी आणि गुणांमध्ये सुधारणा चांगली दिसते. पण ते रुग्ण निवडून घेतलेले असतात आणि हात सरावलेले असतात. या पद्धतीत हात बसायला वेळ लागतो. पहिल्या काही डझन ऑपरेशनांत जे होतं ते शंभराव्या ऑपरेशनमध्ये होत नाही. म्हणून जाहिरातीतलं वाक्य सरसकट खरं मानू नका.

उलट उघड्या पद्धतींमागे दशकांचा अनुभव आहे. पुढून गादी काढून मणके जोडण्याची पद्धत १९५०च्या दशकापासूनची आहे. मागून एका बाजूला बिजागरी ठेवून दार उघडावं तशी लॅमिना उघडायची, ही हिराबायाशी यांची कल्पना जपानमध्ये १९७०च्या दशकात आली. पुढून की मागून यावरही तज्ज्ञांत वाद होता. २०२१ साली १६३ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर शारीरिक क्षमतेत दोन्ही मार्गांत लक्षणीय फरक नव्हता, पुढून केलेल्यांत गिळायला त्रास वगैरे गुंतागुंत मात्र जास्त होती.

मी स्वतः ज्या रुग्णांना दुर्बीण सुचवतो त्यांना सांगतो की जर मधेच मला दृश्य नीट दिसलं नाही, तर मी छेद मोठा करीन. ज्याला हे मान्य नाही त्याचं दुर्बिणीने करत नाही.

---

गजानन_काका · मंगळवार, सायंकाळी ६:२०

ओवी, एवढी घाई करू नकोस. आमच्या ओळखीतल्या एकांनी मानेला वजनाने ताण देऊन आणि मालिश करून दुखणं बरं केलंय. मान मोकळी करणारे लोक असतात, एका झटक्यात मोडतात आणि हलकं वाटतं. आधी ते करून बघायला काय हरकत आहे?

फिजिओ_मुग्धा · मंगळवार, सायंकाळी ६:४५

काका, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण हे इथे तसंच राहू देणार नाही, कारण कुणीतरी वाचून करेल. मज्जारज्जू दबलेल्या मानेला झटका देणं, मोडणं, जोरात मालिश करणं, वजनाने ओढणं यातलं काहीही करायचं नाही. ज्यांना गुण आला त्यांची नस किंवा स्नायू दुखत असणार. रज्जूची गोष्ट वेगळी आहे. आधीच जागा नाही, त्यात मान अचानक मागे गेली तर रज्जू चिमटीत सापडतो. अशा माणसांना साधं पडणंही महागात पडतं. हनुवटीवर आपटलं, मान मागे गेली, हाड कुठेही मोडलं नाही आणि दोन्ही हात लुळे पडले. १९५४ साली श्नायडर यांनी याचं वर्णन करून ठेवलंय. मी असे दोन रुग्ण सांभाळलेत. दोघांनाही आधीपासून बटणांचा त्रास होता आणि दोघांनीही तो कुणाला सांगितला नव्हता.

ओवी, ऑपरेशन होईपर्यंत एवढं बघ. बाथरूममध्ये न घसरणारी चटई आणि धरायला दांडा. रात्री दिवा चालू. मागे पट्टा असलेली पादत्राणं, म्हणजे पायातून निसटणार नाहीत. डोकं खूप मागे टेकवून बसायचं नाही. दात दाखवायला गेलात तरी तिथे आधी सांगा.

आणि आजच एक मोजून ठेव. बाबांना तळवा खाली करून हात समोर धरायला सांग. दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची, जितक्या वेळा जमेल तितकी. निरोगी माणसाच्या २० किंवा जास्त होतात. दोन्ही हातांचे आकडे लिहून ठेव. करंगळी आपोआप बाहेर सरकते का तेही बघ.

गजानन_काका · मंगळवार, सायंकाळी ७:१०

समजलं. माझं म्हणणं मागे घेतो. ओवी, ते वाचून काही करू नकोस.

ओवी_क · मंगळवार, रात्री ९:३५

काका, तुम्ही काळजीपोटी लिहिलंत, माहितीये मला.

मुग्धाताई, मोजलं. उजवा ९, डावा ११. करंगळी बाहेर जाते, दोन्ही हातांची. सहाव्या-सातव्या मुठीनंतर बोटं अर्धीच उघडत होती आणि बाबा बोटांकडे असं बघत होते जणू दुसऱ्याचा हात आहे. मग म्हणाले, "हे मला दिसत होतं गं, पण तुम्हाला सांगून काय करायचं म्हणून बोललो नाही."

---

रानफूल · बुधवार, सकाळी ११:००

माझं वय ४७. दीड वर्षापूर्वी माझं दुर्बिणीने झालं, दोन छिद्रांचं, एक पातळी. अनुभव जसाच्या तसा लिहिते.

शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट केली ती पायाची बोटं हलवली. डॉक्टरांनीही पहिलं तेच करायला लावलं. मानेला दोन पट्ट्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या, आणि एक बारीक ड्रेनची नळी. त्याच संध्याकाळी धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशी ड्रेन निघाला, तिसऱ्या दिवशी घरी आले. वेदना होत्या, पण दोन दिवसांनी साध्या गोळ्यांवर भागलं. मऊ कॉलर थोडे दिवस घातली, तीही प्रवासापुरती.

इथपर्यंत सगळं जाहिरातीसारखं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. जखम आठवड्यात बरी झाली आणि मला वाटलं आता हातही आठवड्यात बरे होतील. ते नाही झालं. पहिल्या महिन्यात पायांचा ताठरपणा कमी झाला, चाल सुधारली. हातांना चार-पाच महिने लागले. डाव्या तर्जनीच्या टोकाला अजूनही कापसातून स्पर्श केल्यासारखं वाटतं, आणि ते तसंच राहील असं डॉक्टर म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे घरच्यांना आणि ऑफिसमध्ये वाटायचं की ही आता ठणठणीत आहे. मोठा टाका असता तर लोकांनी विश्रांती घेऊ दिली असती असं मला तेव्हा खरंच वाटायचं. ओवी, घरातल्यांना हे आधीच सांगून ठेव.

तरी पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घेईन. माझा चालीचा आजार थांबला, आणि मला तेवढंच हवं होतं.

---

चालत_राहा · बुधवार, दुपारी ४:२५

दुसरी बाजू लिहितो. माझं नऊ वर्षांपूर्वी उघडं ऑपरेशन झालं, लॅमिनोप्लास्टी, म्हणजे डॉक्टरांनी वर सांगितलेली लॅमिना दारासारखी उघडायची पद्धत, सी-३ ते सी-६. चार पातळ्या होत्या, त्यामुळे दुर्बिणीचा प्रश्नच नव्हता. टाका मानेच्या मधोमध वितभर.

मान दुखली, खोटं कशाला बोलू. दोन-तीन महिने खांदे आणि मान दगडासारखी. मान वळवायचा पल्ला थोडा कमी झाला तो कायमचाच. गाडी मागे घेताना अख्खं धड वळवतो.

चौथ्या दिवशी सकाळी उजवा हात खांद्यातून वर उचलेना. सगळे हादरलो. सर्जन म्हणाले, सी-५ नस रुसली आहे, रज्जू मोकळा झाल्यावर शंभरात साधारण पाच जणांना असं होतं, पुष्कळशा लोकांचं परत येतं. माझं यायला सात महिने लागले. ओवीताई, हे उघड्या आणि दुर्बिणीच्या दोन्ही ऑपरेशनांत होऊ शकतं, म्हणून आधी ऐकून ठेवा. झालं तर घाबरून जाऊ नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आज मी ७१ वर्षांचा आहे. रोज चालतो. काठी घेतो, पण हातात, टेकत नाही.

---

भूल_आणि_मी · बुधवार, रात्री १०:१०

मी भूलतज्ज्ञ. दोन गोष्टींची भर घालते, कारण या धाग्यात त्या अजून आल्या नाहीत.

श्वासनलिकेत नळी घालताना सहसा मान मागे करतात. दबलेल्या रज्जूला ते चालत नाही. आम्ही मान सरळ ठेवून व्हिडिओच्या मदतीने नळी घालतो, कधीकधी रुग्ण जागा असतानाच. भविष्यात बाबांचं कुठलंही दुसरं ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं, तरी मानेचं आधी सांगायचं.

दुसरं म्हणजे रक्तदाब. दबलेल्या रज्जूला रक्तपुरवठाही जेमतेम असतो. माझा प्रयत्न असतो की पूर्ण ऑपरेशनभर सरासरी दाब ८५च्या खाली जाऊ नये. शिवाय हातापायांच्या स्नायूंतले संदेश सतत मोजणारं यंत्र लावतात. ते हवं असेल तर भूल वेगळ्या प्रकारे द्यावी लागते. हे यंत्र लावणार का, हे आधीच विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची तेही लिहून घ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

---

ओवी_क · शुक्रवार, रात्री ११:०५

आज दुसऱ्या सर्जनना पुन्हा भेटलो. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांवरून वहीत प्रश्न लिहून नेले होते.

दाब नेमका कुठून? त्यांनी फिल्म लावून दाखवलं. आडव्या छेदात रज्जू गोल दिसायला हवा, बाबांचा मागून खाच पडल्यासारखा झालाय. पुढच्या फुगवट्याने तो फारसा दबलेला नाही. वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका घसरत नाही, मानेचा बाक शाबूत आहे. पांढरा ठिपका म्हणजे रज्जूला इजा झाल्याची खूण, तो ऑपरेशनने पुसला जाईलच असं नाही.

मानेची अशी किती केलीत, कमरेची सोडून? हा प्रश्न विचारताना मला घाम फुटला होता. ते रागावले नाहीत. आकडा सांगितला, आणि त्यातल्या दोघांचा छेद मधेच मोठा करावा लागला होता हेही न विचारता सांगितलं. माझा विश्वास तिथे बसला. पाण्याच्या दाबाचं विचारलं तर म्हणाले, पंप वापरत नाही, पिशवी टांगतो आणि उंची नर्सकडून मोजून घेतो. स्नायूंतले संदेश मोजणारं यंत्र लावणार. बी-१२ थोडं कमी आलंय, इंजेक्शनं सुरू केली.

बाबांना मी एकच सांगितलं. गरज पडली तर छेद मोठा होईल, हे मान्य असेल तरच सही करा. ते बराच वेळ गप्प होते. मग संमतीपत्रावर सही केली, तीच अक्षर अक्षर जुळवलेली. पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे.

मेरुदंड · शनिवार, सकाळी ७:१५

योग्य प्रश्न विचारलेत. पहिल्या चोवीस तासांत हातापायांची ताकद आहे त्यापेक्षा कमी होतेय, मान फुगल्यासारखी होऊन वेदना वाढतेय किंवा लघवी अडकलीय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजताही नर्सना सांगा. साचलेलं रक्त काही तासांत काढलं तर रज्जू वाचतो. मधुमेह आणि धूम्रपान असेल तर सुधारणा मंदावते, दोन्हीकडे बघा.

---

ओवी_क · साडेसहा आठवड्यांनंतर

आज लिहायला बसले, कारण रोज कुणी ना कुणी व्यक्तिगत निरोप पाठवून बाबांचं विचारतंय.

ऑपरेशन दुर्बिणीनेच पार पडलं, छेद मोठा करावा लागला नाही. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, लिगामेंट आवरणाला चिकटलेली होती, ती सोडवण्यातच निम्मा वेळ गेला. पहिल्या रात्री बाबांना डाव्या हातात जोराच्या मुंग्या आल्या आणि मी मेरुदंड डॉक्टरांचं वाचलेलं असल्यामुळे दोनदा नर्सना उठवलं. त्यांनी दोन्ही वेळा ताकद तपासली, ठीक होती. सकाळी मुंग्या ओसरल्या.

तिसऱ्या आठवड्यात बाबा खूप खचले होते. "छिद्र एवढंसं, मग मी अजून असा का?" हे रोज. तेव्हा रानफूल यांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. कापसातून स्पर्श हे शब्द ऐकून म्हणाले, "हो, अगदी असंच." दुसऱ्या दिवशी स्वतःहून व्यायामाला बसले.

काल मोजलं. उजवा १५, डावा १६. जिना उतरताना कठड्यावर हात असतो, पण मूठ आवळलेली नसते. लघवीची घाई व्हायची ती थांबली आहे. ती होत होती हे तर आम्हाला ऑपरेशननंतर कळलं.

पायाची बोटं अजून बधिर आहेत. अंधारात तोल जातो. शर्टाची खालची चार बटणं आता दोन मिनिटांत लागतात, पण वरची दोन, गळ्याजवळची, जमत नाहीत. रोज प्रयत्न करतात आणि शेवटी आईला हाक मारतात. मुग्धाताई, असं का होत असेल?

फिजिओ_मुग्धा · साडेसहा आठवड्यांनंतर, रात्री ९:५०

खालची बटणं बाबा बघून लावतात. वरची दोन स्वतःला दिसत नाहीत, ती निव्वळ बोटांच्या जाणिवेवर लावावी लागतात, आणि ती जाणीव रज्जूच्या मागच्या भागातून जाते. त्यांचा दाब मागूनच होता, त्यामुळे ती सगळ्यात सावकाश परत येते. एका जुन्या शर्टाची बटणपट्टी कापून घ्या, मांडीवर ठेवा. आधी बघून दहा वेळा, मग वर टॉवेल टाकून दहा वेळा. मोठ्या बटणांपासून सुरुवात. आईला हाक मारायची ती पाच मिनिटं प्रयत्न झाल्यावरच. दोन आठवड्यांनी आकडे कळव.